हमालाची पाठशाळा

केरळातील एर्नाकुलम हे मोठे गजबजलेले रेल्वे स्थानक आहे. तेथे एक तरुण हमाली करीत असे. शालान्त परीक्षेनंतर त्याचे शिक्षण थांबले होते. पुढे शिकण्याची इच्छा प्रबळ होती. परंतु दिवसभर ओझी वाहणाऱ्याने शिकवणीस जावे कसे?

२०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य इंटरनेटची एक मोठी योजना सुरू झाली. पुढे ती एर्नाकुलमलाही पोहोचली. तारेवाचून, हवेतील लहरींच्या द्वारे इंटरनेट मोबाइलमध्ये येऊ लागले. प्रवासी त्यावर गाड्यांच्या वेळा पाहत, आप्तांना निरोप धाडीत. या हमालाने मात्र त्यातून आपली पाठशाळा उभी केली. डोक्यावर ओझे आणि कानात धडे! दिवसा ऐकलेल्या पाठांची तो रात्री उजळणी करी. २०१८ साली तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला.

पाणी आणि दिवे यांप्रमाणे इंटरनेटही आता नगरवासीयांची गरज झाली आहे. मात्र नळ दारी आला, तरी घागर ज्याची त्यालाच भरावी लागते.

स्वाध्याय : शेवटच्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.