ओली फरशी, कुबट वास आणि लेकरांचा खोकला

पावसाळा सरला तरी घरात शिरताच कुबट वास येतो. अगरबत्ती लावली की तासभर दबतो, मग पुन्हा येतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका ताईंची हीच तक्रार होती. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा खाली अंथरुणावर झोपतो. रात्री खोकायचा, सकाळी शिंकायचा. बालवाडीत गेला की बरा असायचा. एका रविवारी ताईंनी जमिनीवरचे प्लास्टिकचे कार्पेट उचलले. खाली फरशी काळी पडलेली, सांधे ओले आणि कार्पेटच्या पाठीला बुरशी. वास तिथूनच येत होता.

बुरशीचे बारीक कण श्वासातून आत जातात. त्याने दमा वाढतो, नाक गळते, खोकला सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर खास मार्गदर्शिका काढली, इतका हा विषय गंभीर आहे.

ओल कुठून येते?

आधी हे शोधा, नाहीतर केलेली साफसफाई वाया जाते. फरशी कोरडी पुसा. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा तिच्यावर ठेवून चारही बाजू चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा फरशी गडद झाली, तर ओल जमिनीतून येते. थेंब वरच्या बाजूला असतील, तर घरातली हवा दमट आहे. फक्त मोरीच्या बाजूची फरशी ओली असेल, तर मोरी किंवा नळ गळतो आहे.

साफ कसे करावे?

१. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना बाहेर पाठवा. दार-खिडकी उघडा. नाकाला रुमाल बांधा, हातमोजे घाला.
२. बुरशी कोरडी झाडू नका, कण उडतात. आधी ओल्या फडक्याने भिजवा.
३. कापडी किंवा फोमची पाठ असलेले कार्पेट बुरशीने खाल्ले असेल तर टाकून द्या. साधे प्लास्टिक साबणाने घासून उन्हात वाळवता येते.
४. फरशी आणि सांधे साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, कोरडे पुसा, पंखा लावून दोन-तीन दिवस उघडे ठेवा.
५. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

फरशी पूर्ण सुकल्याशिवाय नवे कार्पेट टाकू नका. टाकले तरी भिंतीला चिकटवू नका आणि आठवड्यातून एकदा उचलून वाळवा. गादी रोज गुंडाळून उभी ठेवा, जमेल तेव्हा ऊन दाखवा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा. अगरबत्तीच्या धुराने वास फक्त झाकतो आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो.

घरमालकाला सांगायचे कसे?

गळकी मोरी किंवा जमिनीतून येणारी ओल भाडेकरूच्या फडक्याने थांबत नाही. "खोली खाली करा म्हणतील" या भीतीने अनेक जण गप्प बसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळी अट नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. तरीही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर आधी त्यातील अटी वाचून घ्या. काही असो, ओलीचे फोटो तारखेसह ठेवा, अर्जाची प्रत ठेवा आणि जाणत्या माणसाला विचारूनच भाडे कापा.

डॉक्टरकडे कधी?

श्वास घेताना शिटी वाजत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर लेकराला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ओलीमुळे क्षयरोग होत नाही, तो जंतूंनी होतो. पण हवा न खेळणाऱ्या बंद खोलीत तो लवकर पसरतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. ती मोफत असते.

आज घरी गेल्यावर एवढेच करा: कार्पेटचा एक कोपरा उचलून पाहा.