अभ्यासविषयाचे भांडवल आणि मुक्त माध्यमकार्य

मुक्त माध्यमकार्य म्हणजे एका संस्थेची नोकरी न पत्करता लेख, भाषांतर, मुद्रितशोधन किंवा पॉडकास्टची संहिता अशी कामे कामागणिक मानधन घेऊन करणे. शिक्षण चालू असताना ते करावे की नाही, याविषयी पालकांची चिंता बहुधा वेळेच्या हिशेबाभोवती फिरते; वास्तविक आधी पाहायला हवे ते विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखा विषय आहे का, हे. नेटके लिहिणारे संपादकांना पुष्कळ भेटतात. मृदाशास्त्र, सहकार कायदा किंवा साथरोगशास्त्र स्वतः समजून घेऊन सामान्य वाचकाला उलगडून सांगणारे मात्र मोजकेच असतात, आणि म्हणून अभ्यास सोडून माध्यमांत उतरणारा विद्यार्थी आपले मुद्दलच खर्ची घालतो. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून, पाठवली आणि ती पहिली आली; कथेचा विषय त्यांच्या संशोधनक्षेत्रातलाच होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वेळेचा प्रश्न खरा आहे, पण तो सोडवता येण्याजोगा आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही मराठी लेखनाचा मोठा हंगाम ठरवते, आणि अंक दिवाळीत निघत असले तरी त्यांचा मजकूर साधारण पावसाळ्यातच मागवला जातो. सत्राच्या सुरुवातीच्या या महिन्यांत लेख हातावेगळे करणाऱ्याला परीक्षेचे दिवस मोकळे मिळतात. मुद्रितशोधनाचे काम मात्र अंक छपाईला जाताना एकदम अंगावर येते, त्यामुळे परीक्षार्थीने ते त्या काळात न स्वीकारलेलेच बरे.

ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, ती बाजू हक्कांची. स्वामित्वहक्क, म्हणजे कृतीच्या प्रती काढण्याचा, ती प्रसिद्ध करण्याचा आणि तिचे भाषांतर वा रूपांतर करू देण्याचा अधिकार, १९५७ च्या कायद्यानुसार सामान्यतः लेखकाकडे राहतो. पगारी पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराला वेगळा नियम लागू होतो, मुक्त लेखकाला नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि स्वाक्षरी असलेला करार लागतो, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. एका लेखाच्या मानधनात पुस्तक, ध्वनिरूप आणि भाषांतर असे सारे हक्क कायमचे मागणाऱ्या मसुद्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी 'एकदा प्रसिद्ध करण्यापुरते' एवढी दुरुस्ती सुचवण्यात संकोचण्यासारखे काही नाही. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल, तर करार पालकांनी हाताळावा.

कराची बाजू त्या मानाने सोपी आहे. मानधनातून कर कापला गेला आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागता येते, म्हणून पॅन आणि प्रत्येक बिलाची प्रत जपावी. संशोधनवृत्ती घेणाऱ्यांनी मात्र पहिले काम स्वीकारण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात, कारण पूर्णवेळ वृत्तीसोबत अन्य मोबदल्यावर बंधने असू शकतात.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. मानधन अंक निघाल्यावर, कधी त्यानंतरही काही महिन्यांनी हाती पडते, आणि तेही आठवण करून दिल्यावर. महाविद्यालयाच्या शुल्काचा हप्ता त्याच्या भरवशावर ठेवू नये.