दान करण्यापूर्वी पाटी कोरी करावी



घरात नवा लॅपटॉप आला की जुन्याचे काय करावे, हा प्रश्न हल्ली पुष्कळ कुटुंबांपुढे उभा राहतो. गावाकडे शिकणारा मावसभाऊ असतो, शेजारची होतकरू मुलगी असते. त्यांना ते यंत्र आणखी काही वर्षे सहज उपयोगी पडेल. परंतु ‘आत आपले कागदपत्र आहेत, ते कोणाच्या हाती लागतील कोण जाणे,’ ह्या धास्तीने ते कपाटात तसेच पडून राहते. ही धास्ती निराधार नाही. मात्र तिच्यावर उपाय आहे. तो आपण नीट समजून घेऊ.

प्रथम, ‘पुसणे’ म्हणजे काय ते पाहू. पाटीवरील अक्षर ओल्या फडक्याने पुसले की ते खरोखर नाहीसे होते. संगणकातील पुसणे तसे नसते. ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. कोणत्या फळीवर कोणते पुस्तक आहे, हे सूचीतील कार्डावरून कळते. एखाद्याने कार्ड फाडले, तर पुस्तक सूचीतून गेले. पण फळीवर ते जागच्या जागी आहे. आपण एखादी फाइल ‘डिलीट’ करतो, कचरापेटीही रिकामी करतो, तेव्हा सामान्यतः केवळ कार्ड फाटते. त्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर बहुधा तेथेच राहतो आणि तो शोधून काढणारी साधने सहज मिळतात. ‘क्विक फॉरमॅट’ हाही नवी कोरी सूची मांडण्याचाच प्रकार होय.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत शिकणारे सिमसन गार्फिंकेल व अभि शेलात ह्यांनी २००० ते २००२ ह्या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या, आणि त्यांतील अवघ्या १२ नीट पुसलेल्या आढळल्या! उरलेल्यांत खासगी पत्रे, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील होती. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. डिस्क विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फाइली काढून टाकल्या होत्या. त्यांनी कार्डे फाडली, पुस्तके मात्र तशीच ठेवली.

मग पुस्तके कशी हलवावी? हार्ड डिस्क ही फिरणारी चुंबकीय तबकडी असते. तिच्या प्रत्येक जागेवर शून्ये लिहिली की जुना मजकूर झाकला जातो. १९९६ साली पीटर गुटमन ह्यांनी पस्तीस वेळा लिहिण्याची पद्धत मांडली, आणि तेव्हापासून ‘पस्तीस वेळा पुसल्याखेरीज डिस्क स्वच्छ होत नाही’ असा समज पसरला. वस्तुतः ती संख्या त्या काळच्या निरनिराळ्या जुन्या डिस्कांचा एकत्र विचार करून आली होती. आधुनिक डिस्कांस ती लागू नाही, असे स्वतः गुटमन ह्यांनीच पुढे स्पष्ट केले. आजच्या हार्ड डिस्कला सर्व जागांवर एकदा लिहिणे घरगुती कामास पुरेसे आहे. वेळ किती लागेल? गणित करून पाहा. डिस्क ५०० गिगाबाइटची, म्हणजे ५,००,००० मेगाबाइटची. लिहिण्याचा वेग सेकंदास १०० मेगाबाइट धरला, तर ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे.

अलीकडील लॅपटॉपांत मात्र हार्ड डिस्कऐवजी बहुधा ‘एसएसडी’ असते. तिच्यात फिरणारे काही नसते. माहिती सूक्ष्म विद्युत्-पेशींत साठते. एकाच पेशीवर वारंवार लिहिल्यास ती झिजते. म्हणून एसएसडीतील नियंत्रक प्रत्येक नवे लेखन निराळ्या पेशींकडे वळवतो, आणि काही पेशी राखीवही ठेवतो. परिणामी, आपण जुन्या फाइलीवर लिहिले असे आपणांस वाटते, पण जुनी प्रत आत अन्यत्र शिल्लक राहू शकते. म्हणून एसएसडीसाठी तिच्या निर्मात्याने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरणे श्रेयस्कर होय.

ह्याहून सुंदर उपाय म्हणजे कूटलेखन. सर्व मजकूर कुलपात ठेवल्याप्रमाणे सांकेतिक रूपात साठवावयाचा. मग किल्ली नष्ट केली की उरलेला मजकूर निरर्थक होतो. विंडोजवर बिटलॉकर आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट ही साधने हेच काम करतात. मात्र कुलूप चोरी होण्यापूर्वी लावावयाचे असते. कूटलेखनही यंत्र नवे असतानाच सुरू करावे, हे उत्तम.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू.

पहिली गोष्ट, जपून ठेवावयाचे ते आधी बाहेर काढा. आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, लग्नाची छायाचित्रे, शेतीचे उतारे, गुणपत्रिका ह्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. नीट पुसलेले पुन्हा मिळत नाही, आपल्यालाही नाही.

दुसरी गोष्ट, ईमेल व इतर सर्व खात्यांतून बाहेर पडा, आणि खात्याशी जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून हा लॅपटॉप काढून टाका. मॅकवर ‘फाइंड माय’ बंद करण्यास विसरू नये, अन्यथा नव्या मालकापुढे कुलूपबंद यंत्र येईल.

तिसरी गोष्ट, यंत्र विजेस जोडून पुसण्यास आरंभ करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी ह्या मार्गाने ‘रीसेट धिस पीसी’ येथे जावे आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करावे. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि तीच महत्त्वाची आहे. नव्या मॅकवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ ही सोय असते.

चौथी गोष्ट, यंत्र पुन्हा सुरू करून पाहा. नवीन यंत्राप्रमाणे भाषा व देश विचारणारा पडदा दिसला, की तेथेच थांबून ते बंद करावे. पुढील मांडणी नव्या मालकाने करावी. यंत्रावर विंडोज १० असेल, तर तिची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही त्यास सांगावे.

लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर जाणत्या माणसाकडून डिस्क काढून घ्यावी आणि उरलेले यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. नादुरुस्त लॅपटॉपातील डिस्क पुष्कळदा धडधाकट असते, हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ‘आमच्याजवळ लपविण्यासारखे काय आहे?’ पण त्या यंत्रात केवळ आपलेच असते असे नाही. आजीच्या तपासण्यांचे अहवाल असतात, वडिलांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती असतात. शिक्षकांच्या यंत्रात सगळ्या वर्गाचे गुण असतात. विश्वासाने सोपविलेली ही ठेव दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा अधिकार आपणांस नाही. शिवाय घेणाऱ्याचाही विचार करावा. कोऱ्या पाटीवर त्याला आपली अक्षरे निःशंकपणे गिरवता येतात.

तेव्हा येत्या सुटीत घरातील कपाट उघडून पाहावे, आणि वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन हा पाठ प्रत्यक्षात उतरवावा. एका दुपारच्या कामाने कोणाचे तरी शिक्षण पुढे जाईल, आणि घरचे गुपित घरातच राहील.