कुत्र्याला साप चावला तर...

मागच्या पावसाळ्यात आपल्या मेसचा मोती गेला हे सगळ्यांना माहीत आहे. पंपहाऊसमागे रात्री साडेआठला त्याला घोणस चावली आणि आम्ही डॉक्टरांकडे पोचलो दहाला. मधल्या दीड तासात आम्ही काय केलं? पायाला नाडी आवळली, हळद लावली आणि बॅटरी घेऊन साप शोधत बसलो. जीव तोडून केलं, पण सगळं चुकीचं. म्हणून हा लेख.

आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग व मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर काम करतं. कुत्र्याच्या पापण्या जड होतात, लाळ गळते, पाय लटपटतात आणि शेवटी श्वास बंद पडू शकतो. मण्यार चावल्यावर तर सूजही फारशी येत नाही. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं. चावलेली जागा सुजते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. कुत्रा नाकाने हुंगत पुढे जातो, त्यामुळे चावा बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर असतो आणि केसांत खूण दिसत नाही.

अशा वेळी काय करावे?

१) कुत्र्याला सापापासून लांब घ्या. सापाच्या मागे लागू नका.
२) त्याला चालवू नका. चादरीत उचलून न्या. वेदनेने तो आपल्यालाही चावू शकतो, तेव्हा जपून.
३) गळ्यातला पट्टा काढा, सूज मानेपर्यंत येऊ शकते.
४) किती वाजता चावला ते लिहून ठेवा.
५) निघतानाच डॉक्टरांना फोन करून इंजेक्शन आहे का ते विचारा.

काय करू नये? जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, दोरी आवळू नका. दोरीने पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि सोडल्यावर विष एकदम पसरतं. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. क्रोसिन, ब्रुफेन कुत्र्याला विषासारख्याच आहेत.

खरा उपाय एकच, अँटी स्नेक व्हेनम. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं हे इंजेक्शन चारही सापांवर चालतं आणि माणसाला देतात तेच कुत्र्यालाही देतात. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये नाग किंवा घोणस यांचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यार किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष मारण्याची ताकद असते. म्हणजे हिशेब विषाचा आहे, कुत्र्याच्या वजनाचा नाही. लहान कुत्रा म्हणून डोस कमी होत नाही. याची रिअॅक्शनही येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचं. शरीरात आधीच झालेलं नुकसान मात्र ते भरून काढत नाही. आमचा दीड तास इथेच नडला.

रेक्टर सरांच्या परवानगीने जनावरांच्या डॉक्टरांचे नंबर मेसच्या नोटीस बोर्डावर लावले आहेत. आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. आणि खरकटं खिडकीतून टाकू नका. खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.