‘ध’चा ‘मा’ आणि संगणकाची आज्ञा



३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. ‘नारायणरावांस धरावे’ या आज्ञेतील ‘ध’चा ‘मा’ करण्यात आला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती खरी असो वा नसो, तिच्यातील बोध मात्र खरा आहे. आज्ञा पाळणारा केवळ अक्षरे पाहणारा असेल, तर एका अक्षरानेही अनर्थ ओढवतो. संगणकाइतका अक्षरनिष्ठ सेवक दुसरा नाही. त्याच्या राज्यात असा अनर्थ कसा घडतो, हे आपण पाहू.

आज शाळा, ग्रंथालये, बँका यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये ठेवलेल्या असतात. डेटाबेसला ज्या भाषेत आज्ञा देतात, त्या ‘एसक्यूएल’ भाषेचा पाया १९७४ च्या सुमारास आयबीएम कंपनीत चेंबरलिन व बॉइस यांनी घातला. समजा, तेथे पुढील आज्ञा लिहून ठेवली आहे:

नाव = '......' असलेली नोंद दाखव.

रिकाम्या जागी विचारणाऱ्याने नाव भरावयाचे. ‘रमा’ असे भरले, तर रमेची नोंद मिळेल. परंतु एखाद्या लबाडाने तेथे रमा' किंवा '१' = '१ असे भरले, तर आज्ञेचे रूप असे होते:

नाव = 'रमा' किंवा '१' = '१' असलेली नोंद दाखव.

रमेपुढील अवतरणचिन्हाने नाव संपते आणि पुढचे शब्द आज्ञेचाच भाग बनतात. एक म्हणजे एक, हे तर प्रत्येक नोंदीच्या बाबतीत खरेच! मग संगणक निमूटपणे सर्वांच्या नोंदी, त्यांचे पत्ते व गुण यांसह, पुढे ठेवतो. यालाच ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. याच मार्गाने काही वेळा नोंदी बदलता किंवा पुसताही येतात.

ब्लॉग लिहिण्यासाठी २००३ साली निघालेल्या ‘वर्डप्रेस’ या प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. बाहेरून आलेला मजकूर निरुपद्रवी करण्यासाठी तीत ‘प्रिपेअर’ नावाची सोय आहे. परंतु ४.८.२ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत त्या सोयीतूनच धोकादायक आज्ञा तयार होऊ शकते, असे आढळले. मूळ प्रणालीस थेट धोका नव्हता; तथापि तिला जोडल्या जाणाऱ्या प्लगइनांना व थीमांना होता. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी निघालेल्या ४.८.३ या आवृत्तीने हे छिद्र बुजविले. पहारेकऱ्यावरही पहारा हवा, तो असा!

उपाय कोणता? आज्ञा आधी कायम करावी आणि बाहेरचा मजकूर तिच्यात न मिसळता वेगळा द्यावा. म्हणजे कोणी काहीही लिहिले, तरी संगणक त्यास केवळ नाव समजेल. शिवाय प्रणालीची नवी आवृत्ती निघताच ती घ्यावी. दार नादुरुस्त आहे हे जगजाहीर झाल्यावर कडी लावण्यास विलंब करणे शहाणपणाचे नव्हे.

आमच्या विजय नगरातील मुलामुलींपैकी कित्येक उद्या संगणकाचा व्यवसाय पत्करतील. त्यांस आमचे एकच सांगणे आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या प्रणालीवर असा प्रयोग करणे हे चातुर्य नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ अन्वये त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्रयोग करावयाचाच तर स्वतःच्या संगणकावर, स्वतः रचलेल्या नोंदींवर करावा. ज्यांच्या नोंदी आपल्या हाती येतील, त्यांनी विश्वासाने आपले नाव-गाव आपल्या स्वाधीन केलेले असते. त्या विश्वासाचा ‘ध’चा ‘मा’ आपल्या हातून होऊ नये, एवढे भान प्रत्येकाने राखावे.