वार अडकलेली म्हैस आणि गर्भाशयाचा दाह

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, सांगोला व मंगळवेढे या तालुक्यांत लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस हा अनेक कुटुंबांचा मोठा आधार आहे. कमी पाऊसमानात व बेताच्या चाऱ्यावर टिकणारी म्हणून तिचा लौकिक आहे. अशी म्हैस वारंवार उलटू लागली की मालक दैवाला किंवा रेतनाला दोष देतो. पुष्कळदा दोषाचे मूळ मागील वेताच्या दिवशीच असते.

वार का अडकते ?

वार गर्भाशयाला अनेक गाठींनी चिकटलेली असते. व्याल्यानंतर या गाठी सुटण्याच्या कामी रक्तातील पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत गाईंवर झालेल्या व 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळून आले की, ज्या गाईंची वार पुढे अडकली, त्यांच्या या पेशींची शक्ती विण्यापूर्वीच मंदावलेली होती. त्याच पेशी जंतूंशी लढतात. म्हणून वार अडकलेल्या जनावरास गर्भाशयाच्या दाहाचा धोका अधिक असतो.

ओढण्याने होणारी हानी

हाताने वार ओढल्यास किंवा तिला दगड बांधल्यास गाठी फाटतात, आतील अस्तरास जखमा होतात व तुकडे आतच कुजतात. जंतू जखमांतून आत शिरतात. त्यांचे विष अंडाशयापर्यंत पोहोचून स्त्रीबीजाची वाढ खुंटवते. त्यामुळे माज लांबतो व गर्भ राहत नाही. दाह वरून बरा दिसला तरी हा परिणाम काही काळ टिकतो.

काय करावे ?

1. विण्याची जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी.
2. वार ओढू नये. तिला वजन बांधू नये.
3. बारा तासांत वार न पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.
4. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वैरण सोडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब करू नये. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे.
5. वारेस उघड्या हाताने स्पर्श करू नये. गर्भपात झाला असल्यास विशेष जपावे; सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसासही बाधतात. पडलेली वार चुना टाकून खोल पुरावी व दूध उकळूनच वापरावे.
6. गर्भाशय पूर्वस्थितीत येण्यास साधारण पाच-सहा आठवडे लागतात. त्यानंतरही सोट गढूळ किंवा पूमिश्रित असल्यास तपासणीपूर्वी रेतन करू नये.

विण्याची, वार पडण्याची व माजाची तारीख वहीत टिपून ठेवावी. ही टिपणे हाती असल्यास पशुवैद्यास निदान करणे सोपे जाते. म्हैस भाकड ठरवून बाजारात नेण्यापूर्वी तिची एकदा तपासणी करून घ्यावी. वेळीच उपचार झाल्यास अशा पुष्कळ म्हशी पुन्हा गाभण राहतात.