पाणी कोणाचे?

शेताच्या आकाराहून त्याला मिळणारे भांडवल महत्त्वाचे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या निबंधात मांडले. मराठवाड्यात हे भांडवल म्हणजे पाणी. १९७२ च्या दुष्काळात येथील भूमिहीन स्त्री-पुरुषांनी बांध घातले, पाझर तलाव खोदले. त्यांना मजुरी मिळाली. पाझरलेले पाणी मात्र जमीनधारकांच्या विहिरींत गेले आणि पुढे बरेचसे उसाला लागले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले! पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने निराळा नियम केला होता: पाण्याचे वाटप जमिनीनुसार नव्हे, तर माणशी, भूमिहीनांनाही हक्क, उसाला मनाई. नांदेड-लातुरात जलयुक्त शिवार योजनेने नाले खोल केले. त्या पाण्यावर भूमिहीनाचा हक्क मात्र लिहिला गेला नाही.